जपानी येत नसताना आई-बाबांना घेऊन जपानला जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब: साठी ओलांडलेले आई-बाबा आणि दोघी बहिणी. ऑक्टोबरमध्ये बारा दिवस जपानला जायचंय, टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. जपानी कुणालाच येत नाही. बहिणींचं इंग्रजी चांगलं आहे, बाबा इंग्रजी वाचतात पण बोलायला बिचकतात, आईंना इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखता येतात. सगळे शाकाहारी, अंडंही नाही. "फोनमधल्या भाषांतरावर भागेल का, की गाईड घ्यावाच लागेल?"

माझं उत्तर: बाराही दिवस गाईडची गरज नाही, पण नुसत्या फोनवरही विसंबू नका. अशा सहली आखून देण्याचं काम मी करते. त्यात सारखं दिसतं ते हे, की लोक बोलण्याची तयारी करून जातात आणि अडतात वाचण्यापाशी. जपानमध्ये पर्यटकाला दिवसभरात बोलावं फार कमी लागतं. अडचण येते ती दहा सेकंदांच्या प्रसंगांत. गाडीचं दार बंद होतंय आणि ही जलद की धिमी ते कळत नाही. काउंटरवरची मुलगी काहीतरी विचारते आणि मागे रांग आहे. स्वच्छतागृहात पाण्याचं बटण कुठलं ते समजत नाही. तेवढ्या वेळात फोन खिशातून बाहेरसुद्धा येत नाही. म्हणून बोलायचं ते घरूनच लिहून न्यायचं, आणि वाचायचं ते होता होईल तेवढं आकड्यांवर आणायचं. फोन उरलेल्या प्रसंगांसाठी.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. पहिली, शाकाहार किती कडक? वर मासा दिसत नसला म्हणजे झालं, असं असेल तर फार अडत नाही. माशाचं पाणीसुद्धा चालत नसेल तर जेवणाची आखणी आधी करावी लागते. कांदा-लसूणही नको असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि रोजच्या दोनपैकी एक जेवण स्वतः करा. दुसरी, आई-बाबा किती चालू शकतात? टोकियोत दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात, आणि दमलेल्या माणसाला सोपी खूणही वाचवत नाही. तिसरी, दोघी बहिणी कायम बरोबर असणार, की एखाद्या दुपारी आई-बाबा हॉटेलवर एकटे राहणार? राहणार असतील तर त्यांच्या खिशातला कागद तुमच्या फोनहून महत्त्वाचा.

मुक्कामांपासून सुरुवात करते. प्रत्येक नवं गाव म्हणजे संभाषणांचा नवा संच: नवं हॉटेल, नवं स्थानक, सामान, रात्रीचं जेवण. बारा दिवसांत तीनपेक्षा जास्त मुक्काम ठेवू नका. टोकियो पाच रात्री, क्योटो चार, ओसाका दोन आणि तिथल्याच कान्साई विमानतळावरून परत, एवढं पुरेसं आहे. नारा आणि कामाकुरा दिवसाच्या फेरीत होतात, त्यासाठी खोली बदलायची गरज नाही.

गाड्या: नावं सोडा, आकडे धरा

टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा दिलेला आहे. अक्षर मार्गाचं, आकडा स्थानकाचा. गिंझा मार्गावर गिंझा म्हणजे जी ०९ आणि असाकुसा म्हणजे जी १९. गिंझाहून असाकुसाला जाताना आकडे वाढत असतील तर बरोबर दिशेनं चाललोय, कमी होत असतील तर उलट. आईंनाही एवढं जमेल. नावापेक्षा हे नेमकं आहे, कारण असाकुसा नावाची स्थानकं एकाहून जास्त आहेत. गिंझा मार्गाचं जी १९, तोएइ असाकुसा मार्गाचं ए १८, आणि त्सुकुबा एक्स्प्रेसचं तर या दोन्हींपासून बरंच लांब. हॉटेल शोधताना "असाकुसापासून पाच मिनिटं" एवढ्यावर जाऊ नका, कुठल्या आकड्याच्या असाकुसापासून ते बघा.

दुसरा आकडा बाहेर पडायच्या दाराचा. शिंजुकूला दोनशेहून अधिक दारं आहेत. चुकीच्या दारातून बाहेर पडलात तर रस्ता ओलांडून चालत नाही, वळसा पडतो, आणि आई-बाबांबरोबर त्यात वीस मिनिटं जातात. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक प्रवासाची एक ओळ कागदावर लिहा: कुठून, कुठल्या आकड्याला, किती वाजताची, कितव्या फलाटावरून, कुठल्या दारानं बाहेर, आणि त्या दाराला लिफ्ट आहे का. नकाशाच्या ॲपमध्ये हे सगळं सापडतं, फक्त ते घाईत नाही, खोलीवर बसून शोधायचं.

घोषणा कळणार नाहीत, पण गाड्या वेळेवर असतात, आणि हीच तुमची भाषा. टोकियोहून क्योटोला नोझोमी शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, पण गाडी क्योटोला संपत नाही, ओसाकाकडे पुढे जाते. तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेच्या आधी सात मिनिटांचा गजर लावा, उठा, सामान घ्या, दाराशी उभे राहा. चौघांची तिकिटं काढताना पाठोपाठच्या दोन रांगांतल्या डी आणि ई खुर्च्या घ्या. त्या बाजूला दोनच खुर्च्या असतात, त्यामुळे अनोळखी माणूस शेजारी येत नाही, आणि हवा स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो.

लोक हमखास चुकतात ते एकाच फलाटावर येणाऱ्या धिम्या आणि जलद गाड्यांत. फलाटावरच्या फलकावर इंग्रजी आळीपाळीनं येतं, घाई न करता पाच-सहा सेकंद थांबा. नावात 'लोकल' असेल तर सगळीकडे थांबते. 'रॅपिड' किंवा 'एक्स्प्रेस' असेल तर आपलं स्थानक त्यात आहे का, ते बघितल्याशिवाय चढू नका. परतताना ओसाकाहून कान्साई विमानतळाला साधी रॅपिड घेणार असाल तर बसण्यापूर्वी डब्याचा नंबर बघा. ही गाडी हिनेनो स्थानकावर दुभागते, अर्धे डबे विमानतळाला जातात आणि अर्धे वाकायामाकडे. कुठले डबे कुठे, ते फलकावर लिहिलेलं असतं.

तिकिटासाठी विमानतळावर चौघांची चार वेलकम सुइका कार्डं घ्या, म्हणजे आधी पैसे भरून वापरायची, पर्यटकांसाठीची प्रवासकार्डं. ती अठ्ठावीस दिवस चालतात, उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडेथोडे भरा. बऱ्याच यंत्रांत कार्ड भरायला रोखच लागते. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चुकून आत शिरलात आणि त्याच स्थानकातून बाहेर यायचं झालं तर फाटक उघडेलच असं नाही. घाबरू नका, कडेला माणूस बसलेलं एक फाटक असतं, तिथे कार्ड पुढे करून 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, असं म्हणा. तो कार्डावरची नोंद बघतो आणि त्याला कळतं. बोलावं लागत नाही.

आता एक नियम, जो चौघांनीही पाठ करायचा. गर्दीत एक जण गाडीत चढला आणि बाकीचे राहिले, तर चढलेल्यानं पुढच्याच थांब्यावर उतरून त्याच फलाटावर उभं राहायचं. मागे राहिलेल्यांनी त्याच प्रकारची पुढची गाडी धरायची. पहिली गाडी जलद असेल तर मागच्यांनीही जलदच धरायची, नाहीतर थांबा वेगळा होतो. चढलेल्यानं परत यायचं नाही, फोन लागला नाही तरी हलायचं नाही. घोटाळा होतो तो दोन्ही बाजू एकाच वेळी शोधायला निघतात तेव्हा.

मोठ्या बॅगा घेऊन गाडीत चढू नका. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवरून क्योटोच्या हॉटेलला सामान पाठवता येतं, त्याला ताक्क्यूबिन म्हणतात. सकाळी दिलं की बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतं. एका रात्रीपुरते कपडे, औषधं आणि चार्जर जवळ ठेवा. चिठ्ठीवर पुढच्या हॉटेलचा पत्ता, फोन, पोहोचण्याची तारीख आणि बुकिंग ज्या नावावर आहे तेच नाव लिहा. बुकिंग मुलीच्या नावावर आणि चिठ्ठी बाबांच्या नावाची, असं झालं की हॉटेलवाल्यांना मेळ लागत नाही आणि मग खरोखर बोलावं लागतं.

जेवण: इथे मात्र भाषा लागतेच

'बेजितारियन' हा शब्द जपानमध्ये कळतो, पण तुम्हाला जे म्हणायचंय ते कळत नाही. 'निकु' म्हणजे मांस. "निकु नको" म्हटलं की मासा येऊ शकतो, आणि हॅमचे बारीक तुकडे तर पुष्कळदा मांसात धरलेच जात नाहीत. त्याहून मोठी अडचण दाशीची. कात्सुओ म्हणजे बोनितो मासा वाळवून त्याचा भुगा पाण्यात उतरवतात, ती दाशी. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, सोबासोबतची बुडवायची चटणी, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीतलं तळलेलं तोफू, सगळ्याच्या मुळाशी ती असते. स्वयंपाक्याला विचारलं "यात मासा आहे का?" तर तो मनापासून नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे माशाचा तुकडा. वरणात काय घातलंय असं विचारलं तर आपण तरी हिंग कुठे सांगतो? तसंच आहे हे. तो फसवत नाही. म्हणून दाशीचं नाव घेऊनच विचारायला हवं.

त्यासाठी कार्ड करा. जपानी लिपीत, मोठ्या टायपात, पोस्टकार्डाएवढं, प्रत्येकाच्या खिशात एक. मजकूर असा असावा. उच्चार देवनागरीत देते, जपानी लिपीतला मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या:

"निकु, साकाना, एबी, काइ, तामागो वा ताबेरारेमासेन." मांस, मासे, कोळंबी, शिंपले, अंडं खाऊ शकत नाही.

"कात्सुओ या निबोशी नो दाशी मो ताबेरारेमासेन." कात्सुओची किंवा सुक्या माशांची दाशीही चालत नाही.

"कोंबु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देस." कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिइताके अळंब्यांची दाशी चालते.

"ग्यून्यू, चीझु, बाताआ वा दाइजोबु देस." दूध, चीज, लोणी चालतं.

यातला प्रत्येक शब्द हेतूनं ठेवला आहे. 'ताबेमासेन' म्हणजे खात नाही, ती आवड-निवड वाटते आणि वरचे तुकडे काढून तीच वाटी पुढे येऊ शकते. 'ताबेरारेमासेन' म्हणजे खाऊच शकत नाही, ते गंभीरपणे घेतलं जातं. ॲलर्जी आहे असं मात्र लिहू नका. ते खरंही नाही, आणि ॲलर्जी म्हटलं की एकाच कढईत सगळं तळणारं हॉटेल सरळ नकार देतं. शेवटच्या दोन ओळी सगळ्यांत कामाच्या. नुसती नकारांची यादी दिली तर स्वयंपाकी चूक व्हायला नको म्हणून हात जोडतो. काय चालतं ते कळलं की तो विचार करायला लागतो.

नकार कसा येतो तेही ओळखा. 'नाही' असं तोंडावर क्वचित म्हणतात. "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, किंवा "मुझुकाशीइ", म्हणजे अवघड आहे, असं म्हटलं, किंवा दोन हातांची फुली केली, की विषय संपला. हसून 'अरिगातो', म्हणजे धन्यवाद, म्हणून बाहेर पडायचं. आणि 'हाइ' म्हणजे दर वेळी होकार नव्हे, "ऐकतोय, बोला" असाही अर्थ असतो. नकारार्थी प्रश्नाला 'हाइ' आलं तर ते आपल्या मराठीसारखंच घ्या. "मासा नाही ना?" "हो, नाही." इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुली इथे गोंधळतील, बाबांना बरोबर कळेल. तरीही सरळ प्रश्न विचारणं चांगलं: "दाशी वा हाइत्ते इमास का?" दाशी घातली आहे का?

फोनचा कॅमेरा छापील मेनूवर ठीक चालतो, उभ्या ओळीत ब्रशनं लिहिलेल्या पाटीवर हात टेकतो. आणि शब्द बरोबर वाचला तरी अर्थ चुकतो. 'ओयाको-दोन' हे "आई-बाप आणि मूल" असं दिसेल, ती कोंबडी आणि तिचं अंडं यांची भाताची वाटी आहे. 'कित्सुने उदोन' हे "कोल्हा उदोन" दिसेल. वर गोडसर तळलेलं तोफू असतं, ते बघून लोक मागवतात, पण रस्सा दाशीचाच. भाषांतर विचित्र दिसलं की तो पदार्थ सोडून द्यायचा.

रोजच्या पोटभरीसाठी: नुसत्या मिठाची ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, काकडीची माकी म्हणजे सुशीची गुंडाळी, एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, भाजलेलं रताळं, साधं तोफू, लाल चवळीसारख्या अझुकीच्या सारणाचे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे. उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरी बरी, पण आत कधीकधी कात्सुओ मिसळतात, पाकिटावर कॅमेरा धरा. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, घेतलात तर त्यातली सॉसची पुडी ओतू नका. तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी, हवा असेल तर पिठात बहुधा अंडं असतं हे लक्षात ठेवा. दह्यात आणि मार्शमेलोत जिलेटिन असू शकतं. सुपरमार्केटचा तयार करी मसाला नको, त्यात बहुतेकदा प्राण्यांची चरबी असते. कोको इचिबान्या या करीच्या हॉटेलांच्या बऱ्याच शाखांत शाकाहारी करी वेगळी मिळते. एकदा तरी शोजिन र्‍योरी खा, बौद्ध मंदिरांतलं जेवण. त्यात मांस-मासे तर नसतातच, परंपरेनं कांदा-लसूणही नसतो. त्याची जागा आधी राखावी लागते. र्‍योकान म्हणजे जपानी पद्धतीच्या निवासात राहणार असाल तर जेवणाचं कार्ड बुकिंग करतानाच पाठवा. संध्याकाळी पोहोचल्यावर दाखवलं तर उपयोग नाही, सगळी वाढप तयार असते.

बरोबर मेतकूट, दाण्याची चटणी, सुका खाकरा आणि गरम पाण्यात होणारा उपमा न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नको, तपासणीच्या दाखल्याशिवाय ते आत जात नाही. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, शिजवलेल्या भाताचं दोनशे ग्रॅमचं डबाबंद पाकीट मिळतं, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. मऊ, थोडा चिकट भात असतो, मेतकुटाला अगदी साजेसा.

फोनकडून काय घ्यायचं

भाषांतराच्या ॲपमध्ये जपानी आणि इंग्रजी दोन्ही उतरवून ठेवा, नेट नसलं तरी चालेल. मराठीतून थेट जपानी करण्यापेक्षा इंग्रजीतून करा, आणि वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. कर्ता कधीच गाळू नका. आपण "उद्या सामान पाठवायचंय" म्हणतो, कोण पाठवणार ते सांगत नाही. यंत्र मग कुणालाही पाठवायला लावतं. भाषांतर झालं की तेच उलटं इंग्रजीत करून बघा. अर्थ तोच आला तर दाखवा. गोंगाटात बोलून भाषांतर करू नका, टाइप करा. शाळेत सगळे इंग्रजी शिकलेले असतात, पण वाचून-लिहून. बोललेलं इंग्रजी कळत नाही तो माणूस तेच लिहिलेलं पुष्कळदा वाचतो.

डेटाच्या ई-सिमवर एक सावधगिरी: बहुतेक ई-सिम फक्त इंटरनेटचं असतं, त्यावरून साधा फोन लागत नाही. म्हणून निदान एका फोनमधलं भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. आणि नेट एकाच्या हॉटस्पॉटवर नको, दोघी बहिणींकडे वेगवेगळं हवं. ई-व्हिसा असेल तर जपानमध्ये उतरताना तो फोनवर नेटवरूनच उघडून दाखवावा लागतो, त्याचा स्क्रीनशॉट किंवा कागद चालत नाही. म्हणजे नेट विमानातून उतरल्याक्षणी चालू हवं.

तोंडानं बोलायला सात-आठ वाक्यं पुरतात, आणि मराठी माणसाला ती जड नाहीत. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आपलाच आहे. 'तोक्यो नि' म्हणजे 'टोकियोला', प्रत्यय शब्दामागेच लागतो. वाक्याच्या शेवटचं 'ने' म्हणजे आपलं 'ना'. त्यांची वर्णमालाही अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न अशी जाते, तिच्या मांडणीमागे बौद्धांबरोबर गेलेला आपला वर्णक्रम आहे. उच्चार रोमन लिपीत लिहू नका, देवनागरीत लिहा. 'त्सु' आपल्याला जसाच्या तसा लिहिता येतो. फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाळा: 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बीअर.

सुमिमासेन: माफ करा, जरा ऐकता का. कोरे ओ कुदासाइ: हे द्या. तोइरे वा दोको देस का: स्वच्छतागृह कुठे आहे. वाकारीमासेन: कळलं नाही. आणि सगळ्यांत उपयोगी, "काइते कुदासाइ", लिहून द्या. किंमत, वेळ, फलाट काहीही विचारलं तर उत्तर जपानी आकड्यात येतं आणि आपण तिथेच अडकतो. वही-पेन पुढे केलं की आकडा मिळतो. आपली मान हलवण्याची पद्धत मात्र घरी ठेवून जा. डावी-उजवीकडे डोलणारी मान तिथे होकार म्हणून वाचली जात नाही.

चार-सहा चित्राक्षरं डोळ्यांनी ओळखायला आईंना शिकवा. बाहेर जायचं दार: आधी एकावर एक ठेवलेले दोन डोंगर, मग रिकामा चौकोन. पुरुष: वर चार खणांची खिडकी, खाली वाकडा पाय. स्वच्छतागृहात हात-पाय पसरून उभा माणूस म्हणजे मोठा फ्लश. मध्ये उभी रेघ आणि दोन्हीकडे एकेक ठिपका म्हणजे छोटा. भिंतीवरचं मोठं लाल-नारिंगी बटण फ्लश समजून दाबू नका. मोठ्या, चाकाच्या खुर्चीच्या स्वच्छतागृहात तो मदतीचा गजर असतो, आणि माणसं धावत येतात.

औषधं आणि अडचणीची वेळ

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापर्यंतची बिनदाखल्याची नेता येतात, जास्त असतील तर आधी परवानगीचं पत्र काढावं लागतं. इंजेक्शनांचे नियम वेगळे, बाबा इन्सुलिन घेत असतील तर वेगळं तपासा. सर्दीच्या गोळ्यांत दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असेल तर त्या बंदीत येतात, कोडीनच्या खोकल्याच्या औषधावरही मर्यादा आहेत. घरातला औषधांचा डबा तसाच उचलून नेऊ नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या आणि त्यात मूळ औषधाचं नाव लिहून मागा. ग्लायकोमेट म्हटलं तर तिथे कुणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन कळेल. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात.

रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. ११९ ला पहिला प्रश्न आग की रुग्णवाहिका हा असतो; "क्यूक्यू देस" म्हणा, म्हणजे रुग्णवाहिका, आणि मग 'इंग्लिश प्लीज'. बऱ्याच शहरांत दुभाषाला मध्ये घेतात. कुठे आहोत ते सांगता येत नसेल तर जवळचं पेयांचं यंत्र शोधा, त्यावर त्या जागेचा पत्ता चिकटवलेला असतो. जपानच्या पर्यटन संस्थेची मदतवाहिनी चोवीस तास इंग्रजीत बोलते: जपानमधून ०५०-३८१६-२७८७. अपघात, आजारपण, वादळ, कशालाही. ऑक्टोबरात वादळं येऊ शकतात, आणि तेव्हा गाड्या आदल्या दिवशी जाहीर करून बंद ठेवतात. 'सेफ्टी टिप्स' हे ॲप फोनवर घाला, भूकंप-वादळाचे इशारे इंग्रजीत येतात.

वाट चुकली तर चौकाचौकांत कोबान असतं, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. वाट विचारायला लोक तिथेच जातात, संकोच करू नका. आई-बाबांच्या खिशात हॉटेलचं जपानीतलं कार्ड आणि फोन नंबर असू द्या. टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी पत्ते रस्त्यांच्या नावावर नसतात, ठोकळ्यांच्या नंबरावर असतात, त्यामुळे तोंडी सांगून जमत नाही; फोन नंबर मात्र त्याच्या यंत्रात घालता येतो. पासपोर्ट कायम जवळ ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

गाईडबद्दल: घ्यायचाच तर पहिल्या दिवशी अर्धा दिवस घ्या, आणि देवळं दाखवायला नको, स्थानकं शिकायला घ्या. कार्ड भरणं, फाटक, फलक, कोंबिनी, ताक्क्यूबिनची चिठ्ठी, एवढं त्याच्याबरोबर एकदा करा. अनेक शहरांत स्वयंसेवक गाईडांच्या संस्था आहेत. ते मोबदला घेत नाहीत, त्यांचा प्रवास आणि जेवणखर्च आपण करायचा.

शेवटी, "बाबांनी एकट्यानं खालच्या दुकानातून दूध आणलं तर चालेल का?" हेही विचारलं आहे. जरूर आणू दे. कोंबिनीत काउंटरवरचे प्रश्न ठरलेले असतात: पॉइंट कार्ड आहे का, गरम करून हवंय का, पिशवी हवी का. तिन्हींना हात हलवून "दाइजोबु देस" म्हटलं की 'नको' असा अर्थ होतो. पिशवीला २०२० पासून पैसे पडतात, आपली न्यावी. नोट हातात देऊ नये, समोरच्या छोट्या तबकात ठेवावी. दुधाशेजारी तशीच दिसणारी दह्याची पेयं आणि पाणीदार दुधं असतात, आणि अक्षरं वाचता येत नाहीत. अर्धा लिटर किंवा मोठं, वर घराच्या छपरासारखं दुमडलेलं खोकं घ्यावं आणि माथ्याच्या कडेवरून बोट फिरवावं. निर्भेळ दुधाच्या खोक्यांना तिथे अर्धगोल खाच पाडलेली असते, दृष्टिहीनांना ओळखता यावं म्हणून. खाच लागली की ते चहाचं दूध. चहापूड मात्र नाशिकहूनच न्या.